विंगेतली टाळी

नाटकातली थप्पड तिघांची असते. एकाने हात फिरवायचा, दुसऱ्याने मान झटकायची आणि तिसऱ्याने विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेताने उभं राहून टाळी वाजवायची. पहिल्या दोघांचे फोटो मंडळाच्या फेसबुक पेजवर येतात. तिसरं माणूस म्हणजे रत्ना.

रत्नाची त्याबद्दल तक्रार नव्हती. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात एकवीस वर्षं काढल्यावर कोण कुठे शोभतं याची यादी तिच्या डोक्यात पक्की होती, आणि त्या यादीत स्वतःच्या नावापुढे तिने केव्हाच ‘प्रॉम्प्टर’ लिहून टाकलं होतं. नोकरी एका औषध कंपनीच्या गोदामात. कुपी किती आल्या, किती गेल्या, किती फुटल्या, हे दिवसभर जुळवायचं. ती सवय गोदामाबाहेरही सुटायची नाही. कोणाकडे जेवायला गेली, तर यजमानीणबाई म्हणतात तितक्या पुरणपोळ्या ताटात आहेत का, आणि त्यातल्या देशी दुकानाच्या फ्रीजरमधून किती आल्या, हे ती दोन मिनिटांत ताडायची आणि परतताना गाडीत रवींद्रला, म्हणजे नवऱ्याला, सांगून पोट धरून हसायची.

यंदाच्या एकांकिका स्पर्धेचं नाटक प्रल्हादकाकांचं होतं. काका चाळीस वर्षं हृदयरोगतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, काकांना इतिहास झाला. ऑस्ट्रेलियाच्याही आधी इंग्रजांनी आपले कैदी इथेच, मेरीलँड-व्हर्जिनियाला आणून विकले, हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून मंडळातलं एकही जेवण त्या कैद्यांशिवाय झालं नाही.

“बायका, रत्ना! हातभर कापड चोरलं म्हणून सात वर्षं! जहाज धक्क्याला लागलं की तिथेच विक्री. तोंड उघडून दात बघून घ्यायचे, घोड्यासारखे. पळून गेली की गळ्यात लोखंडी कडं.”

“काका, भजी गार होतायत.”

“तू नुसती भजी बघ!”

नाटकाचं नाव ‘तंबाखूच्या बदल्यात’. लंडनमध्ये कापड चोरणारी सारा, तिला विकत घेणारा मळेवाला आणि त्याचा मुकादम. मळेवाला काका स्वतः, कारण दिग्दर्शकही तेच. स्पर्धेत दर इंग्रजी शब्दाला अर्धा गुण कापत. म्हणून काकांनी डेकची फळी केली, ओव्हरसीअरचा मुकादम केला, आणि लंडनच्या गल्लीत वाढलेली सारा “धनी, दया करा” असं थेट साताऱ्याकडचं बोलू लागली.

मुकादम होता सुशांत. वय छत्तीस, आयटीत मॅनेजर, आवाज खणखणीत, आणि मंडळाच्या जमेच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम कोणती म्हणाल तर हाच. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणारा, कचऱ्याच्या पिशव्या बांधणारा, कुठल्या काकूंचं कुठलं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते लक्षात ठेवून विचारणारा. सारा करणार होती देवयानी. तिचंही गुडघ्याचंच निघालं, तेव्हा सुशांतनेच बायकोचं नाव पुढे केलं. “रेणू आहे ना घरात. बसूनच असते.”

रेणू नागपूरची. तिकडे बँकेत ऑफिसर होती. इकडे डिपेंडंट व्हिसावर आली आणि ग्रीन कार्डच्या रांगेत नवऱ्याच्या मागे उभी राहिली, त्याला आता सात वर्षं होत आली होती. कॅरीत गाडीशिवाय दूध आणता येत नाही. रेणूकडे लायसन्स नव्हतं. “शिकवीन ना,” असं सुशांत पहिल्या वर्षापासून म्हणत होता.

तालमी दर शनिवार-रविवारी दुपारी काकांच्या तीन गाड्यांच्या गराजमध्ये व्हायच्या. संहितेत थपडा नऊ होत्या. दोन विक्रीच्या प्रवेशात, तीन मळ्यात आणि चार शेवटी, पळून गेलेली सारा पकडून आणतात तेव्हा. रत्नाने आपल्या फाइलीत प्रत्येक थपडेपाशी पेन्सिलीने गोल काढला होता. टाळी दिली की गोलात बरोबरची खूण.

पहिल्या दोन तालमी हसतखेळत झाल्या. तिसऱ्या तालमीला सुशांत गळ्यातलं कडं घेऊन आला. हार्डवेअरच्या दुकानातला पाइप आवळायचा जाड पट्टा, त्याला स्क्रू, आणि स्क्रूला साखळी.

“आत फोम लावला होतास ना रे?” रत्नाने विचारलं.

“काढला, मावशी. फोममुळे ती मस्त मान हलवते, यार. लोखंड लागलं पाहिजे, तर चेहऱ्यावर येईल.”

आणि आलंच चेहऱ्यावर. त्याने साखळीला हिसका दिला तशी रेणू गुडघ्यांवर आपटली, तळहात सिमेंटवर खरवडले, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो संहितेत नव्हता. काकांनी खुर्चीवरून उठून दाद दिली. “वा! हेच पाहिजे! रेणू, हे असंच ठेव!”

रेणूने ते तसंच ठेवलं.

चौथ्या तालमीला काकूंनी चहा लवकर पाठवला. रत्नाच्या एका हातात कप आणि दुसऱ्या हातात फाइल, आणि मळ्याचा प्रवेश तर जोरात सुरू झालेला. रेणूचं एक वाक्य अडलं. रत्ना ते पुटपुटून देणार, एवढ्यात सुशांतचा हात फिरला आणि फाडकन आवाज आला.

“रत्ना, आजची टाळी परफेक्ट!” काका म्हणाले.

रत्नाने आपल्या हातांकडे पाहिलं. कप जागेवर. फाइल जागेवर. चहा हललाही नव्हता.

गराजमध्ये आवाज घुमतो, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण न वाजवलेली टाळी कशी घुमेल? एकवीस वर्षं थपडांना आवाज देणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते, जी दिग्दर्शकालाही नसते. खोट्या थपडेत मान आधी वळते. खऱ्या थपडेत नंतर. रेणूची मान नंतर वळली होती.

तिने कप खाली ठेवला आणि त्या गोलात बरोबरच्या खुणेऐवजी फुली मारली.

पुढच्या शनिवारी काकांनी फर्मान काढलं, आता मेकअपसहित तालीम. रंगाचं सामान रत्नाकडे. वळांसाठी जांभळ्या रंगाची डबी तिने मागवून घेतली होती. रेणू आली ती डाव्या गालफडावर आणि कानामागे काळंनिळं घेऊनच.

“मी घरूनच लावून आले, मावशी. तुमचा वेळ वाचेल.”

“अगं काय सुंदर केलंयस!” प्रेक्षक म्हणून आलेल्या देवयानीने कुबडी टेकत जवळ येऊन पाहिलं. “पिवळट कडासुद्धा! यूट्यूबवर बघून?”

“हो.”

रत्नाने पर्स चाचपली. डबी तिच्या पर्समध्ये होती आणि तिचं सील अजून फोडलेलं नव्हतं.

ती रेणूला काकूंच्या पँट्रीत घेऊन गेली. तांदळाच्या पोत्यांमध्ये दोन बायका उभ्या राहतील एवढीच जागा. बोटाला थोडं खोबरेल घेऊन रत्नाने तो गाल पुसला. रंग निघाला नाही. रेणूने डोळे मात्र घट्ट मिटले.

“कधीपासून?”

“तुम्ही काय करून राहिल्या मावशी, सोडा ना.”

“कधीपासून, रेणू?”

“नाटकाच्या आधीपासून.” आणि मग एकदम, जणू कोणी कॉर्क काढावं तसं, “पूर्वी चेहऱ्यावर नाही मारायचा. दिसतं ना. आता दिसलं तरी चालतं. आता लोक वा वा करतात.”

“पोलिसांना फोन करू.”

“आणि मग? त्याची नोकरी गेली तर व्हिसा गेला. त्याच्यामागे माझा. बाबांचं मागच्या महिन्यातच बायपास झालंय. काय सांगू तिकडे?” तिने ओढणीने गाल झाकला, मग आठवलं की झाकायची गरजच नाही. किंचित हसली. “साराचं बरं आहे. सात वर्षं झाली की तिला सोडतात तरी.”

“मी टाळी देणार नाही यापुढे.”

रेणूने तिचं मनगट पकडलं. नखं रुतली. “द्या. प्लीज द्या. टाळी चुकली की त्याचा मूड जातो. नाटकात माझ्यामुळे काही बिघडलं, की घरी गेल्यावर दार लावतो. तुमची टाळी नीट पडली ना, तर त्या दिवशी तेवढ्यावर भागतं.”

आता इथे एखादी शूर बाई तडक बाहेर जाऊन सुशांतची गचांडी धरती. रत्ना कुपी मोजणारी बाई. ती बाहेर गेली, विंगेत म्हणजे वॉटर हीटरच्या शेजारी उभी राहिली, आणि त्या दिवशी नऊच्या नऊ टाळ्या तिने अशा चोख दिल्या की खरी कुठली आणि खोटी कुठली हे गराजच्या भिंतींनाही कळलं नसतं. फक्त फाइलीला कळलं. मान आधी वळली, बरोबरची खूण. मान नंतर वळली, तर खुणेशेजारी फुली. त्या दिवशी चार फुल्या. दुसऱ्या दिवशी तीन. शेवटच्या तालमीला सहा.

घरी रवींद्र म्हणाला, “दुसऱ्याच्या घरातलं आहे. जपून.” तीन रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपली. पण टाळ्या काही थांबवल्या नाहीत.

स्पर्धा एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, शनिवारी दुपारी अडीचला. चारशे माणसं. शाळेच्या नियमाप्रमाणे मागच्या दाराशी एक पोलीस, आणि त्याच्या हातात कोणीतरी आग्रहाने दिलेली साबुदाणावड्याची प्लेट. पुढच्या रांगेत तीन परीक्षक, पेनं सरसावून.

विक्रीचा प्रवेश झकास गेला. सुशांतने रेणूचा जबडा दोन बोटांत धरून तोंड उघडलं, अंगठा आत घालून दाढा चाचपल्या, आणि प्रेक्षकांना म्हणाला, “माल पक्का आहे, धनी. मागचे दोन पडलेत, पण कामाला दात लागत नाहीत.” हशा पिकला. दोन टाळ्या, दोन बरोबरच्या खुणा. मळ्यात तीन टाळ्या, त्यांतल्या दोन फुल्या. दुसऱ्या फुलीला रेणू तंबाखूच्या पेंड्यांवर उलटी पडली आणि उठायला अंमळ उशीर लागला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी “च् च्” केलं.

अंधार झाला. नेपथ्य बदलायला दीड मिनिट. रेणू धडपडत विंगेत आली. ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीपर्यंत आलेला. तिने टिशूत थुंकलं आणि टिशूची पटकन मूठ केली.

“मावशी, तो म्हणतोय, आवाज दोनदा येतो. तुमची टाळी मागे पडते. त्याच्या हाताबरोबर द्या म्हणाला. म्हणजे एकच आवाज येईल.”

रत्नाने फाइल मिटली.

“काय सांगू त्याला?”

“सांग, आता एकच येईल.”

प्रकाश आला. पकडून आणलेली सारा, गळ्यात कडं, साखळी मुकादमाच्या डाव्या हाताला गुंडाळलेली. मुकादमाची पाठ रत्नाकडे. पलीकडच्या विंगेत काका, आपल्या एंट्रीची वाट बघत.

“पळालीस कुठे? समुद्रात? तुझा देश तुला विकून मोकळा झाला, रांडे! तुला आता ना देश, ना नाव. तू माझ्या वहीतली ओळ आहेस!”

सहावी थप्पड. रत्नाने फाइल दोन्ही हातांत घेतली, डोक्यावर उंच धरली आणि सुती साडी, पायांत स्नीकर्स, नाकावर चष्मा अशी ती अठराव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये चालत गेली.

फाडकन आवाज आला.

एकच. पलीकडच्या विंगेत काकांनी तो ऐकला आणि समोर रत्नाचे दोन्ही हात हवेत पाहिले. चाळीस वर्षं लोकांच्या छातीतले आवाज ऐकण्यात गेलेला माणूस. त्यांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

सुशांत वळला. क्षणभर त्याचा चेहरा मंडळातलाच होता, खुर्च्या उचलणारा. “मावशी, काय करताय? आत जा.”

“टाळी मी देत नाहीये,” रत्ना मोठ्याने म्हणाली. “बघा सगळ्यांनी. माझे हात वर आहेत.”

प्रेक्षकांतून हसू आलं. कोणीतरी शिट्टी मारली. प्रयोगशील काहीतरी आहे असं आपल्याला वाटलं, हे परीक्षकांपैकी एकाने नंतर सांगितलं.

सुशांतने तिच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवले आणि ढकललं. जहाजाच्या फळीसाठी मांडलेल्या पायऱ्यांवरून रत्ना मागे गेली, हवेत थोडी राहिली, आणि खाली उजव्या हातावर पडली. काडी मोडावी तसा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

रत्नाने आयुष्यात इतक्या टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या. त्या थांबायच्या आत सुशांत पुन्हा रेणूकडे वळला होता. त्याने साखळी आवळली, तिला जवळ ओढली आणि मूठ वळून तिच्या कानशिलावर मारली. आता हात फिरवण्याचं सोंगही उरलं नव्हतं. एकदा. मग दुसऱ्यांदा. रेणू खाली गेली, त्याच्या पायाशी, आणि खाली गेल्यामुळे साखळी सैल पडली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. उठता उठता तिने सगळ्या अंगाचं वजन घालून ती वर फेकली, आणि साखळीचा सैल वेढा थेट त्याच्या तोंडावर बसला. त्याने तोंडावर हात नेला. बोटांमधून रक्त आलं आणि रक्ताबरोबर काहीतरी छोटंसं, पांढरं, फळीवर टपकलं.

हॉलमधले काही लोक अजून टाळ्या वाजवतच होते.

मग रेणूने ते केलं, जे त्या रंगमंचावर कोणी करत नसे. ती पुढे आली, गळ्यात कडं तसंच, आणि चारशे डोक्यांवरून मागच्या दाराकडे बघून इंग्रजीत बोलली.

“ऑफिसर, धिस इज नॉट द प्ले. ही हिट्स मी. ॲट होम, एव्हरी वीक. प्लीज कम.”

इंग्रजी ऐकल्याबरोबर हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एका परीक्षकाने सवयीने पेन कागदावर टेकवलं होतं, ते तिथेच थांबलं. मागच्या दाराशी साबुदाणावड्याची प्लेट खाली पडली.

सहा आठवड्यांनी कोर्टात सुनावणी होती. रेणूने संरक्षणाचा आदेश मागितला होता, आणि सुशांतने उलटा तसाच. त्याचा पुढचा दात नवा होता, वकील महाग होता आणि म्हणणं सोपं होतं. हे नाटक होतं. मारहाण नाटकातली. खरा मार एकच, आणि तो रेणूने मारला. बाकी, त्याचं म्हणणं, भावना अनावर झाल्या. मंडळाच्या कार्यकारिणीने “आपसांत मिटवा” असं पत्र पाठवलं होतं. त्यावर सही नसलेले एकटे प्रल्हादकाका कोर्टाच्या मागच्या बाकावर येऊन बसले होते.

रत्ना साक्षीला उभी राहिली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातात फाइल.

वकिलाने गोड आवाजात विचारलं, “थपडेचा आवाज काढणं हे तुमचंच काम होतं ना, मॅडम?”

“हो.”

“म्हणजे तालमीत जे आवाज झाले ते तुम्ही काढलेत.”

“सगळे नाही.” तिने फाइल उघडली. “ही बरोबरची खूण म्हणजे माझी टाळी. ही फुली म्हणजे त्याचा हात. तारखा वर आहेत.” मान आधी आणि मान नंतर, हे तिने जजबाईंना समजावून सांगितलं, एका हाताने जमेल तेवढं करूनही दाखवलं. जजबाईंनी चष्मा काढून पाहिलं.

“एकूण फुल्या किती?” त्यांनी विचारलं.

“सतरा. त्यातल्या पंधरांवर माझी टाळीही आहे.”

वकील पुढे झुकला. त्याला वाटलं, सापडलं. “म्हणजे मार खरा आहे हे कळल्यावरही तुम्ही पंधरा वेळा टाळी दिलीत?”

रत्नाने रेणूकडे पाहिलं नाही. “हो. लोकांना खोटा वाटावा म्हणून दिली. आणि त्यांना तो खोटाच वाटला.”

वकील खाली बसला. सुशांत समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिला.

आदेश रेणूला मिळाला, एका वर्षाचा. सुशांतचा अर्ज निकालात निघाला. व्हिसाचं काय होणार, हे जजबाईंनाही सांगता येत नव्हतं. त्यासाठी वेगळा वकील, वेगळे फॉर्म आणि वेगळी रांग.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये काका गाडी आणायला गेले. दोघी सावलीला उभ्या राहिल्या. रेणूच्या गळ्यावर कड्याची खूण अजून होती. गोल, तपकिरी, एका बाजूला जरा जाड.

“फाइल बघू, मावशी.”

रत्नाने दिली. रेणूने पानं उलटली, सावकाश, बँकेतल्या ऑफिसरने व्हाउचर तपासावं तशी. एका पानावर थांबली.

“सोळा होत्या.”

“काय?”

“तुमची टाळी असलेल्या. शोच्या दिवशीची दुसरी, विक्रीच्या प्रवेशातली. तुम्ही नुसतीच बरोबरची खूण केलीय.” तिचं बोट त्या गोलावर होतं. “तुम्हालाही खोटी वाटली.”

रत्नाला तो प्रवेश आठवला, लोकांचं हसणं आठवलं. मान नक्की कधी वळली, ते काही आठवेना.

“पेन्सिल आहे का तुझ्याकडे?” तिने विचारलं.

रेणूने पर्समधून काढून दिली. रत्नाने फाइल शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, प्लास्टरच्या हाताने दाबून धरली, आणि डाव्या हाताने, वाकडीतिकडी का होईना, फुली मारली.